सोफ्याचं दुखणं

अप्पांनी सोफा सोडला, त्याला सात महिने होत आले होते. भांडण नाही, रुसवा नाही. एका शनिवारी संध्याकाळी घरातले चौघं सिनेमा बघत बसले होते. अप्पांनी टीव्हीचा आवाज शेवटच्या टोकाला नेला, सूनबाईने कपाळाला हात लावला, चिरंजीवांनी रिमोट उचलून आवाज गुपचूप निम्म्यावर आणला. अप्पांना ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. ते उठले आणि गॅलरीत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले. पुढच्या शनिवारी ते आधीपासूनच गॅलरीत होते.

आता घरातलं माणूस दहा पावलांवर जाऊन बसलं, तर त्यात एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. पण शनिवारचा सिनेमा हा अप्पा आणि आई यांचा लग्नापासूनचा नेम होता. थिएटरं बदलली, मोठ्या पडद्याचा छोटा टीव्ही झाला, छोट्याचा परत मोठा झाला, शनिवार चुकला नव्हता. आता आई सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसायची, शेजारची जागा रिकामी ठेवायची आणि मांडीवर शिवणाचा डबा घेऊन शर्टांना बटणं लावायची. सिनेमा संपला की "छान होता" म्हणायची. कुठला होता, हे विचारलं तर मात्र पंचाईत झाली असती.

अप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं. ते निवृत्त होऊन घरी आले, कान तिथेच राहिले. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते ड्रॉवरमध्ये डबीसकट पडून होतं. "मला ऐकू येतं," अप्पा म्हणायचे, "तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." आई समोर येऊन बोलली की तिच्या ओठांवरून त्यांना सगळं कळे. सिनेमातली माणसं मात्र ऐन मोक्याला पाठ फिरवून बोलतात, त्याला अप्पा तरी काय करणार?

चिरंजीवांचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्या माणसाच्या नाकावर चौकट चढवायची, एक काच टाकायची, काढायची, दुसरी टाकायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" या एका प्रश्नावर त्यांचा संसार चालला होता. जगातल्या कुठल्याही दुखण्याचा नंबर निघतो, अशी त्यांची श्रद्धा होती. रिकाम्या जागेशेजारी बसलेली आई बघून त्यांना आत कुठेतरी तुटायचं, पण चष्मेवाला असल्यामुळे रडण्याऐवजी त्यांनी शोधाशोध केली. कान ऐकत नसतील तर पाठ ऐकेल, या निष्कर्षाला ते आले आणि स्पीकरच्या दुकानात पोचले.

स्पीकरवाल्याने दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक मुठीपेक्षा मोठा, चांगला वजनदार लोखंडी डबा. दुसरी, साबणाच्या वडीएवढी चपटी चकती.

"हा शेकर," तो म्हणाला. "हा बोलत नाही, नुसता हलतो. सोफ्याच्या पोटाला बोल्टने आवळायचा. सिनेमातले जाड आवाज, ढग म्हणा, इंजिन म्हणा, बसणाऱ्याच्या पाठीत चढतात."

"आणि ही वडी?"

"ही चिकटवायची. दार, टेबल, फळी, कशालाही. मग ते लाकूडच बोलायला लागतं. जोर कमी, पण शब्द येतात. घेणार कोणासाठी?"

"वडिलांसाठी."

"मग त्यांनाच घेऊन या की."

"ते येणार नाहीत. मला ऐकू येतं म्हणतात."

तेव्हा चिरंजीव स्वतःच दोन खुर्च्यांवर आळीपाळीने बसले. पहिल्या खुर्चीच्या पाठीतून कुणीतरी मंद सुरात काही बोललं. दुसऱ्या खुर्चीखाली एक अख्खं जहाज बुडालं. चिरंजीवांच्या मणक्यातून लाट गेली, केस उभे राहिले, आणि निवड झाली. दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्याला लावून निवडू नये, हे ते गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगत. स्वतःला सांगायचं त्या दिवशी राहून गेलं. स्पीकरवाला मागून सांगत होता, की सोफ्याच्या पायांखाली रबर घाला, नाहीतर अर्धी थरथर फरशीत जाते. चिरंजीव "हो हो" म्हणाले, पण ते अजून बुडत्या जहाजावर होते. ती वडीही त्यांनी बरोबर घेतली आणि घरी आल्यावर कानाच्या यंत्राशेजारी ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

रविवारी सकाळी अप्पा फिरायला गेले तेव्हा सोफा पालथा झाला. सूनबाईने बॅटरी धरली. चिरंजीवांनी खालचं काळं कापड अलगद उसवलं, शेकर आतल्या लाकडाला आवळला, कापड परत ठोकलं आणि वायर मागच्या मागे चार्जरच्या वायरींत मिसळून टीव्हीमागे लपवलेल्या छोट्या अँप्लिफायरला जोडून टाकली. आई दारात उभी राहून बघत होती.

"आई, अप्पांना यातलं काही सांगू नकोस हां," चिरंजीव म्हणाले. "कानासाठी आहे म्हटलं की हातसुद्धा लावणार नाहीत."

"मी कशाला सांगू," आई म्हणाली.

संध्याकाळी चिरंजीवांनी युद्धाचा सिनेमा लावला. आईने गॅलरीत जाऊन सुई पुढे केली, "अहो, दोरा ओवून द्या जरा." उजेड आत बरा होता, म्हणून अप्पा आत आले, सोफ्याच्या कडेवर टेकले, दोरा ओवायला लागले. तेवढ्यात पडद्यावर पहिली तोफ उडाली. अप्पांचा हात थांबला. त्यांनी सुई आईकडे दिली, तळवा सोफ्याच्या हातावर ठेवला, मग पाठ टेकली, मग डोळे मिटले. दोन तास माणूस जागचं हललं नाही. चिरंजीवांनी सूनबाईकडे अशा काही नजरेने पाहिलं, की तिलाही वाटून गेलं, आपण या उद्योगाला उगाच नावं ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामाला गेले. अप्पांची कुजबुज चार घरं ऐकू जाई, म्हणून त्यांनी आधी गॅलरीचं दार लावून घेतलं.

"अगं, सोफा खराब निघालाय."

"काय झालं त्याला?" आईने समोर येऊन विचारलं.

"थरथरतोय. आत्ता बघ, काही नाही. चौघं बसले की सुरू. लोडवर आलं की हलतं, म्हणजे चौकट कच्ची. पोराने हौसेने आणलाय, वर्ष झालं नाही. त्याला कळलं तर मनाला लावून घेईल. तू काही बोलू नकोस. मी बघतो."

"मी कशाला बोलू," आई म्हणाली.

इथे खरा घोळ सुरू झाला. ज्या माणसाने चाळीस वर्षं मशीन हलू नये म्हणून जीव आटवला, अक्षर सुईच्या टोकाएवढं सरकलं तरी ज्याला जेवण जात नसे, त्याच्या बुडाखाली मुलाने मुद्दाम हलणारी वस्तू बसवली होती. पोटातलं कापड फाडून बघायचं अप्पांच्या मनात आलं. पण पोराची नवी वस्तू, फाडायची कशी? मग त्यांनी बाहेरून इलाज सुरू केले.

सोमवारी दुपारी त्यांनी जुन्या स्लिपरांचे तळवे कापून चारही पायांखाली सारले. रबर खाली गेलं की थरथर कमी व्हायला हवी, पण झालं उलटंच. फरशीत जाणारी अर्धी थरथरही सोफ्यातच राहिली आणि संध्याकाळी आईचा शिवणाचा डबा मांडीवरून चालत गुडघ्यापर्यंत आला. चिरंजीव खूश. अप्पांचा चेहरा गंभीर. मंगळवारी सकाळी त्यांनी स्लिपरा ओढून काढल्या. "हे रबराचं काम नाही," त्यांनी आईला सांगितलं. "याला आवळायला पाहिजे." मग त्यांनी बाहेरून लागेल तो प्रत्येक बोल्ट आवळला, सांध्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठोकल्या, आणि मुलाला दिसू नये म्हणून आपला छोटा पाना आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवायला लागले.

संध्याकाळी चिरंजीवांना थरथर कमी वाटली. त्यांनी अँप्लिफायरचं बटण थोडं वाढवलं. बुधवारी अप्पांनी आणखी आवळलं. चिरंजीवांनी आणखी वाढवलं. त्या आठवड्यात घरात रोज संध्याकाळी कुठलं ना कुठलं जहाज बुडत होतं, नाहीतर कुठला तरी डोंगर कोसळत होता, आणि अप्पा न चुकता आईच्या शेजारी येऊन बसत होते. कधी तळवा टेकून, कधी लांब पेचकस सोफ्याला लावून त्याची मूठ कानामागच्या हाडावर धरून. छापखान्यात मशीनचं दुखणं ते असंच शोधत.

"हे काय करतायत?" सूनबाईने हळूच विचारलं.

"ऐकतायत," चिरंजीव भारावून म्हणाले. "बघ, किती मनापासून."

आई मध्ये बसून बटणं लावत होती. घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं केव्हाच लावून झाली होती. आता ती लावलेली बटणं काढून परत लावत होती.

शनिवारी अप्पांनी निर्वाणीचा उपाय केला. मशीन मोठं असो की छोटं, ते जमिनीला आणि भिंतीला जखडल्याशिवाय ऐकत नाही. त्यांनी जुनी ड्रिल मशीन माळ्यावरून काढली आणि लोखंडी पट्ट्यांनी सोफा मागच्या भिंतीला जखडून टाकला, शिवाय दोन पाय फरशीला. भर दुपारी एवढं ड्रिलिंग झालं आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या इमारतीत ड्रिलच्या आवाजाकडे कुणी लक्ष देत नसे.

सोफा आता किल्ल्याच्या बुरुजासारखा पक्का झाला होता. चिरंजीवांनी संध्याकाळी सिनेमा लावला, बसून पाहिलं, काही म्हणता काही जाणवेना. "एवढ्यात बिघडलं की काय," असं पुटपुटत त्यांनी बटण शेवटच्या टोकाला नेलं. पडद्यावर भूकंप सुरू झाला. सोफा ढिम्म. पण शोकेसमधले कप एकमेकांशी बोलायला लागले, भिंतीवरचा लग्नाचा फोटो तिरका झाला आणि पायांखालची फरशी गुणगुणायला लागली.

पाच मिनिटांत दारावर धक्के बसले. सूनबाईने दार उघडलं. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. मास्क हनुवटीवर, एका हातात तोंडात घालायचा छोटा आरसा. मागे एक गृहस्थ, गळ्यात कागदी रुमाल, गालात कापूस.

"वर काय चाललंय तुमच्याकडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "माझी खुर्ची चालायला लागली. पेशंटसकट."

पेशंटने मान हलवली. तोंड त्याला हलवता येत नव्हतं.

"सॉरी, सॉरी, सिनेमा आहे," म्हणत चिरंजीवांनी रिमोट दाबला. भूकंप थांबला. कपही थांबले.

अप्पा उभे राहिले होते. त्यांचा तळवा भिंतीवर होता. "परत चालू कर," ते म्हणाले.

चिरंजीवांनी चालू केलं.

"बंद कर."

बंद केलं.

"चालू कर. बंद कर." अप्पांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा रिमोटकडे, मग चार्जरच्या वायरींकडे. मग डॉक्टरीणबाईंकडे हात पुढे केला, "बाई, आरसा द्या जरा."

अशा सुरात मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. बाईंनी आरसा दिला. अप्पा गुडघ्यांवर बसले, कापडाची कड उचकटली, आरसा आत सारला आणि दाढ बघावी तसं सोफ्याचं पोट तपासलं. सगळे वाकून बघत होते, पेशंटसुद्धा. थोड्या वेळाने अप्पांनी आईच्या डब्यातून पाना काढला, आत हात घातला आणि शेकर उपटून बाहेर आणला.

"हे दुखणं," ते म्हणाले.

चिरंजीव समोर येऊन बसले, म्हणजे ओठ दिसतील असे. "अप्पा, ते मी लावलं होतं. तुम्हाला ऐकू यावं म्हणून. कानांनी नाही तर पाठीने."

अप्पांनी तो लोखंडी डबा उलटासुलटा करून पाहिला. "जन्मभर मी मशीन हलू नये म्हणून राबलो," ते म्हणाले, "आणि तू दुकानातून हलवणारं मशीन आणलंस?"

"तुम्ही रोज येऊन बसायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

"मला वाटलं, तुझा सोफा खराब निघाला. तुला वाईट वाटेल म्हणून गपचूप दुरुस्त करत होतो." अप्पांनी भिंतीजवळच्या पट्ट्या दाखवल्या. चिरंजीवांनी त्या पाहिल्या, पुठ्ठे पाहिले, आणि त्यांना एकदम गलबलून आलं. दोघंही शेकरचा एकेक बोल्ट हातात धरून बसले.

"पण म्हणजे तुमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू आईकडे वळल्या. आई दोरा ओवत होती.

"यांनी सांगितलं, त्याला सांगू नकोस. त्याने सांगितलं, यांना सांगू नकोस," आई म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नाही."

पुढचा आठवडा दुरुस्तीचा गेला, आणि या वेळी बापलेकांनी ती मिळून केली. पट्ट्या निघाल्या, स्लिपरांचे तळवे परत पायांखाली गेले. चिरंजीवांनी ड्रॉवर उघडून ती साबणाच्या वडीएवढी चकती काढली आणि पहिल्यांदाच योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला. चकती सोफ्याच्या हातावर चिकटवली, "हे बरं?" मग पाठीमागच्या लाकडी फळीला, "की हे?" अप्पांनी पेचकस बाजूला ठेवून सरळ डोकंच फळीला टेकवलं. कानामागचं हाड लाकडाला लागलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"बाई बोलतेय कुणीतरी," ते म्हणाले. "भाजी जळली म्हणतेय."

चिरंजीवांनी दुकानात हजारो माणसांना अक्षरं दाखवली होती, पण असा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. त्यांनी तोंड फिरवून उगाच वायर सारखी केली.

शनिवारी संध्याकाळी सगळे जय्यत तयार होऊन बसले. सोफा हलत नव्हता, फरशी गप्प होती, खालून तक्रार नव्हती. अप्पा फळीला डोकं टेकून ऐकत होते. अर्धा तास झाला.

"कळतंय ना?" चिरंजीवांनी समोर वाकून विचारलं.

"कळतंय. निम्मंअधिक कळतंय."

"मग?"

"एवढंच बोलतात होय हे," अप्पा म्हणाले. "मला वाटायचं, बरंच काही बोलत असतील." आणि ते उठले, वर्तमानपत्र घेतलं आणि गॅलरीत गेले.

चिरंजीव त्या फळीकडे बघत राहिले. नंबर बरोबर निघाला, अक्षर न् अक्षर दिसलं, आणि गिऱ्हाईक चष्मा टेबलावर ठेवून निघून गेलं, असं त्यांच्या दुकानात कधी झालं नव्हतं. सूनबाई म्हणाली, "असू दे रे. निदान येतं तरी ऐकू त्यांना." ते खरंच होतं. शेजारची जागा मात्र परत रिकामी होती.

आईने शिवणाचा डबा उघडला आणि बटणांखालून पाना काढला; दुरुस्तीनंतर अप्पांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला होता, तिने तो गुपचूप परत डब्यात आणून ठेवला होता. आठवडाभर शेजारी बसून तिने बघितलं होतं, कुठला बोल्ट कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवला की काय होतं. नजर पडद्यावर ठेवून तिने हात सोफ्याखाली घातला आणि एक बोल्ट तीन वेढे सैल केला. पडद्यावर कुणीतरी दार आपटलं आणि सोफ्याच्या हातातून बारीक खडखड ऐकू आली. आईने पाना परत बटणांखाली ठेवला, वर सगळी रिळं नीट रचली, डबा बंद केला. मग गॅलरीत जाऊन अप्पांच्या समोर उभी राहिली.

"अहो, तुमचा सोफा परत वाजतोय."

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी केली. आत येऊन ते आपल्या जागेवर बसले, सोफ्याच्या हातावर तळवा ठेवला आणि मान हलवली.

"पाना कुठे गेला?"

"बघते. तुम्ही बसा," आई म्हणाली. डबा तिच्या मांडीवर होता आणि दोन्ही हात झाकणावर.

चिरंजीव बघायला उठत होते. सूनबाईने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

अप्पांनी पान्याशिवाय जमेल तेवढं केलं. सोफ्याचा हात गुडघ्याने दाबून धरला, थोडा आत लोटला, थोडा बाहेर ओढला. मग आईकडे वळून, मुलाच्या दुकानातल्या सुरात विचारलं, "आता बरं, की मघाशी बरं?"

आईने थोडा विचार केला.

"नक्की कळत नाहीये," ती म्हणाली. "अजून जरा वेळ बसून बघा."